तिसाव्या दिवसाच्या आत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंत. चारचौघींत बोलायची सवय फक्त हळदीकुंकवापुरती. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "आक्का, या वर्षी तुम्ही उन्हाळी वाळवणावर बोला." मी त्यांना म्हटले, "बाई, वाळवण तुम्हां सगळ्यांना माझ्यापेक्षा चांगले येते. मला जे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसल्यामुळे आमच्या घरात जे घडले, त्यावर मी बोलते." त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या जावेचा थोरला मुलगा तुम्ही सर्वजणी ओळखता. आता तो नऊ वर्षांचा आहे. सुट्टीत घरी आला की नृसिंहाच्या देवळात एकटा जातो. पायऱ्या मोजतो, पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखतो आणि नावाने हाक मारतो. त्याला दिसत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. का दिसत नाही, हे मात्र आम्ही आजवर कोणाला नीट सांगितले नाही. कोणी म्हणाले ग्रहणात जन्मला, कोणी म्हणाले आईने डोहाळ्यांत काही वावगे खाल्ले. आम्ही गप्प राहिलो. आज जावेची परवानगी घेऊन सांगते.

तो सातव्या महिन्यात झाला. वजन सव्वा किलो. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवले, नळीने प्राणवायू दिला. तिथल्या लोकांनी त्याचा जीव वाचवला, हे मी कधी विसरणार नाही. तीन आठवड्यांनी तो घरी आला. आम्ही पेढे वाटले, बारसे केले. घरी सोडताना एक फाईल दिली होती. मी ती हातात घेतली, आणि दवाखान्याची पीडा पुन्हा डोळ्यांसमोर नको म्हणून लोखंडी पेटीत, गोधड्यांच्या खाली ठेवून दिली. ही गोष्ट मी केली. दुसऱ्या कोणी नाही.

पाचव्या महिन्यात लक्षात आले की बाळ दिव्याकडे पाहत नाही. बाहुलीत पांढरी झाक दिसू लागली. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारले, "तीस दिवसांच्या आत डोळे दाखवले होते का?" आम्ही एकमेकींकडे पाहिले. आम्हांला तसे कोणी तोंडाने सांगितले नव्हते. घरी येऊन गोधड्या उपसल्या, फाईल काढली. शेवटच्या पानावर इंग्रजीत एकच ओळ होती: चार आठवड्यांनी नेत्रतपासणी. तोवर आतला पडदा सुटला होता, उपाय राहिला नव्हता. जाऊ मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला. डोळ्यांचा आणि तीस दिवसांचा संबंध काय? माझी भाची नर्सिंग शिकली आहे. तिला मी म्हटले, "तुमच्या पुस्तकांत काय लिहिले आहे ते मला मराठीत सांग." ती म्हणाली, "मावशी, पुस्तकांच्या आधी हे निबंधांत लिहिलेले असते." मग तिने मला शोधनिबंध म्हणजे काय ते समजावले. डॉक्टरांनी किती रोगी पाहिले, काय केले, किती बरे झाले, किती दगावले, हे सर्व आकड्यांनिशी लिहायचे. ते दुसऱ्या जाणत्यांनी तपासायचे, मग छापायचे. छापल्यावरही कोणी चूक दाखवली तर तीही छापायची. मला आपल्या बचतगटाची वही आठवली. जमा आणि खर्च दोन्ही लिहिले नाहीत तर हिशेब कसा जुळणार?

आता डोळ्याचे सांगते. आपल्या डोळ्यात मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. त्यावर चित्र उमटते म्हणून आपल्याला दिसते. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या गर्भाच्या साधारण चौथ्या महिन्यात मधून फुटू लागतात आणि वेलीसारख्या कडेकडे सरकतात. कडेपर्यंत पोहोचायला त्यांना जवळजवळ पूर्ण दिवस लागतात. मूल सातव्या महिन्यात बाहेर आले की वेल अर्ध्या वाटेवर असते. पोटात प्राणवायू बेताचा मिळतो. बाहेर आल्यावर एकदम भरपूर मिळाला की वेल वाढायची थांबते. पुढे काही आठवड्यांनी पडद्याचा उरलेला, रक्त न पोहोचलेला भाग उपाशी पडतो आणि हाका मारू लागतो. मग वाहिन्या घाईघाईने, वेड्यावाकड्या फुटतात, पडद्याला ओढतात आणि शेवटी तो सोडवतात. या रोगाला डॉक्टर आर. ओ. पी. म्हणतात. वेल थांबते आणि मग बिघडते, यामध्ये जे थोडे आठवडे जातात, तीच आपल्या हातातली वेळ. तीस दिवसांचा संबंध हा आहे.

भगिनींनो, हे ज्ञान सहज मिळाले नाही. १९४२ साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधल्या या अंधत्वाबद्दल प्रथम लिहिले. कारण कोणालाच कळेना. नवल असे की जिथे दवाखाने सुधारलेले, पेट्या नव्या, तिथेच आंधळी होणारी मुले जास्त. १९५१ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल या बाईंनी वेगवेगळ्या ठिकाणच्या बाळांची तुलना केली आणि लिहिले की, सढळ हाताने दिलेला प्राणवायूच याचे कारण असावे. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये डॉ. अर्नल पॅट्झ यांनी काही बाळांना जास्त आणि काहींना बेताचा प्राणवायू देऊन पाहायचे ठरवले. तिथल्या काही नर्सबाईंना वाटे, बिचाऱ्या लेकरांना हवा तोडली. त्या रात्री गुपचूप तोटी वाढवीत. त्यांची माया खरी होती, पण तिने घात होत होता. हे ऐकले तेव्हा मला माझ्या गोधड्या आणि लोखंडी पेटी आठवली.

पुढे १९५३ पासून डॉ. किन्सी यांच्या देखरेखीखाली अठरा रुग्णालयांनी मिळून प्रयोग केला आणि प्राणवायूचा दोष सिद्ध झाला. पण गोष्ट इथेही संपली नाही. त्यानंतर काही वर्षे प्राणवायू इतका आखडला गेला की जगू शकली असती अशी बाळे दगावू लागली. तेही कोणीतरी मोजले, लिहिले, छापले. म्हणून आता प्राणवायू यंत्रावर मोजून देतात. मीठ जास्त झाले तरी आमटी बिघडते, कमी झाले तरी बिघडते.

आता सर्वांत मोलाची गोष्ट. पुष्कळ वर्षे सगळा दोष प्राणवायूवर होता. मग स्वीडनमधील डॉ. अ‍ॅन हेलस्ट्रम आणि बोस्टनच्या डॉ. लोइस स्मिथ या दोघी बायांनी आपल्या सहकाऱ्यांसह निबंध लिहिले. त्यांतला एक महत्त्वाचा निबंध २००१ सालचा आहे. बाळाच्या रक्तात वाढीचे एक द्रव्य असते. पोटात असताना त्याची बेगमी चांगली होते. लवकर जन्मलेल्या बाळात ते एकदम कमी पडते, आणि ते कमी पडले की डोळ्यातली वेल थांबते. ज्या बाळाचे वजन पहिल्या आठवड्यांत नीट वाढत नाही, त्याच्या डोळ्यांना धोका जास्त, हे त्यांनी दाखवले. बाळाचे शरीर दूध, साखर, ऊब यांचा संसार कसा चालवते, त्यावर डोळ्याचे भवितव्यही टेकलेले असते. वजनाच्या काट्याचा आणि दृष्टीचा असा संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

नुकत्या जन्मलेल्या बाळाचा हा संसार फार तुटपुंजा असतो. नाळ तुटली की आईकडून येणारी साखर बंद. अंगात साठा थोडा, आणि कमी वजनाच्या बाळात तर नाहीच म्हणा. ओल्या अंगाने ते थंड पडले की असलेली साखर ऊब राखण्यातच जळून जाते. मग बाळ मलूल होते, ओढून दूध पीत नाही, म्हणून आणखी थंड पडते. यासाठीच पहिल्या तासात आईचे दूध, अंगाशी अंग लावून धरणे, डोक्याला टोपडे, आणि आंघोळीची घाई नाही. मध नको, गुटी नको, साखरपाणी नको. पहिले चिकाचे दूध तर पिळून टाकायचे मुळीच नाही. आपल्या सासवांनी ते टाकायला सांगितले, पण त्यांना सांगणारे कोणी नव्हते. आपल्याला आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशातले. तसे नाही. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने जे केले ते जगाने वाचले. नागपूरला शिकून, पुढे अमेरिकेत शिक्षण घेऊन ते परत आले आणि जंगलातल्या जिल्ह्यात राहिले. त्यांनी गावोगाव जन्मलेले प्रत्येक मूल आणि झालेला प्रत्येक मृत्यू वहीत नोंदवायला सुरुवात केली. एकोणचाळीस गावांत त्यांनी तिथल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया! आपल्यासारख्याच. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजीत, गुंडाळायला शिकवीत, आणि जंतुदोष झाला तर औषध देत. १९९९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित साप्ताहिकात त्यांचा निबंध आला. त्या गावांत हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात बासष्ट बाळे दगावत. तिसऱ्या वर्षी तो आकडा पंचवीसच्या आसपास आला. पुढे २०११ पासून या अनुभवाच्या पायावर सरकारने देशभर घरोघरी नवजात बाळाची काळजी सुरू केली. आपल्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी काटा घेऊन येतात, ते त्यामुळे. त्या आल्या की आपण "बाळ झोपलंय, नंतर या" म्हणतो. यापुढे म्हणू नका.

दुसरा निबंध पुण्याचा. ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयातील डॉ. सुचेता कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१८ साली छापला. या रोगाने दृष्टी गेलेली मुले उशिरा का आली आणि त्यांच्या घरांवर काय ओढवले, याचा त्यांनी शोध घेतला. उशिराचे मोठे कारण एकच. वेळेवर तपासणीला पाठवलेच गेले नव्हते. भाचीने हे वाचून दाखवले तेव्हा मी पदर डोळ्यांना लावला. वाटले, या बाईंनी आमच्याच घराची हकीकत लिहिली आहे. आणि त्याच वेळी मनाला थोडा धीरही आला. आपले दुःख कोणीतरी मोजले, लिहिले. आता ते पुढच्या बाईच्या उपयोगी पडेल.

ते आमच्याच घरी उपयोगी पडले. चार वर्षांपूर्वी जाऊ पुन्हा बाळंत झाली. मुलगी, तीही दिवस पुरे होण्याआधी, वजन एक किलो चारशे. या वेळी फाईल गोधडीखाली गेली नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर जन्मापासून तीस दिवस मोजले आणि त्या तारखेभोवती कुंकवाने गोल काढला. पंचविसाव्या दिवशी निघालो. दीर शेतात सोयाबीन काढणीत अडकलेले, म्हणून मी आणि जाऊ दोघीच. पहाटेच्या गाडीने परभणी, तिथून पुढे. मुलीला जावेच्या छातीशी बांधले होते.

तपासणीची तुम्हांला भीती वाटेल, म्हणून सांगते. डोळ्यांत थेंब घालतात, बाहुली मोठी होऊ देतात, आणि एका बारीक चिमट्याने पापणी उघडी धरून दिव्याने आत पाहतात. बाळ रडते. जाऊ बाहेर जाऊन बसली, मी बाळाचे डोके धरले. थोड्या वेळात झाले. पहिल्या वेळी डॉक्टर म्हणाले, "वेल थांबलेली आहे, दहा दिवसांनी पुन्हा आणा." आम्ही पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला वाहिन्या बिघडू लागल्याचे दिसले, आणि दुसऱ्याच दिवशी लेसरचे उपचार केले. असा बिघाड दिसला की दोन-तीन दिवसांतच उपचार व्हावे लागतात. कोणाला लेसर लागतो, कोणाला डोळ्यात इंजेक्शन, आणि पुष्कळ बाळांना काहीच लागत नाही, वेल आपोआप कडेला पोहोचते. पण ते आपण घरी बसून ओळखू शकत नाही. बाहेरून डोळा टपोरा, स्वच्छ दिसतो. पांढरी झाक दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

ती मुलगी आज चार वर्षांची आहे. चष्मा लागला आहे. परवा माझी सुई हरवली, तर तिने चटईच्या फटीतून काढून दिली. तिच्या भावाने विचारले, "मोठी माय, सुई केवढी असते?" मी ती त्याच्या बोटाला हळूच टेकवली. तो म्हणाला, "एवढीशी! आणि हिला दिसली?" मला पुढे काही बोलता आले नाही.

आता मैत्रिणींनो, घरी जाताना एवढे लक्षात ठेवा. बाळ दोन किलोपेक्षा कमी वजनाचे असेल, किंवा चौतीस आठवड्यांच्या, म्हणजे साधारण पावणेआठ महिन्यांच्या आत जन्मले असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत त्याचे डोळे या रोगाच्या जाणत्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे. फारच लहान, बाराशे ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. त्याहून मोठे बाळ असले, पण फार आजारी पडले आणि प्राणवायूवर राहिले, तर आपण होऊन विचारायचे. परदेशात हा रोग बहुधा फार लहान बाळांना होतो, आपल्याकडे थोड्या मोठ्या बाळांतही दिसतो. "दुसऱ्यांदा या" म्हटले की जायचे, पहिल्यांदा ठीक निघाले म्हणून घरी बसायचे नाही. दवाखान्यातून निघताना फाईल उघडून विचारायचे, "यात काय लिहिले आहे, ते मराठीत सांगा." विचारायला लाजायचे नाही. सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात हा रोग धरलेला आहे. आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारले तर पुढची वाट कळते. आणि बाळाच्या डोळ्यांत काजळ, मध, दुधाचे थेंब असले काही घालायचे नाही. तीट लावायची हौस असेल तर तळपायाला लावा.

आणखी एक मागणे आहे. गडचिरोलीच्या बायांनी वही ठेवली. आपल्या मंडळानेही ठेवावी. गावात कोणाच्या घरी कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ आले, तर आशाताईंना विचारून, घरच्यांच्या संमतीने त्याची जन्मतारीख लिहायची आणि समोर तिसाव्या दिवसाची तारीख लाल शाईने. त्या तारखेच्या आठ दिवस आधी आपल्यापैकी एकीने त्या घरी जायचे. ओल्या बाळंतिणीला एकटीला प्रवास होत नाही, सासूला कागद वाचता येत नाही, घरधन्याला रजा मिळत नाही. अशा वेळी सोबतीला एक बाई मिळाली तरी निम्मे काम होते. या कामाला पैसा फारसा लागत नाही. पाय लागतात, आणि ते आपल्याला देवाने दिले आहेत.

वही मी आणली आहे. चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर जावेने स्वतःच्या हाताने दोन्ही लेकरांच्या जन्मतारखा लिहिल्या आहेत. थोरल्याच्या तारखेसमोर लाल शाईची जागा तिने मोकळी सोडली आहे. ती कोणी भरू नये. सोबतीला जायला ज्या तयार असतील त्यांनी अल्पोपाहाराला जाण्यापूर्वी शेवटच्या पानावर आपली नावे लिहावीत.